कोनाड्यातली कपबशी

महालक्ष्म्या यायच्या आठवडाभर आधी आमच्या दारव्ह्याकडच्या घरी माळ्यावरून एक लाकडी पेटी खाली उतरायची. जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेल्या वस्तू आजी एकेक करून सोडवायची: सोनेरी काठाची चहाची किटली, निळ्या फुलांच्या सहा बशा, चिनी मातीचे दोन पांढरे कुत्रे, पितळी मोर, लाकडी राजाराणी. अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठा-कनिष्ठा कोठ्यांवर उभ्या राहिल्या की त्यांच्यापुढे पायऱ्या करून ही आरास मांडायची. ज्येष्ठेवर महापूजा आणि जेवण, मूळ नक्षत्रावर निरोप. चौथ्या दिवशी मोर फडक्यात आणि पेटी माळ्यावर.

घराची सजावट म्हणजे कायमची मांडणी, असं आता आपण धरून चालतो. आमच्या घरात ती तिथीवर यायची आणि जायची. वर्षभर अंधारात असलेली किटली तीन दिवस उजेडात आली की लहान मुलं तिच्याकडे टक लावून बघत. बैठकीतल्या काचेच्या आलमारीत बारा महिने उभ्या असलेल्या वस्तूकडे महिन्याभरानंतर घरातलं कुणी बघत नाही. संग्रह जपायचा असेल तर त्याला झाकूनही ठेवता आलं पाहिजे, हे मी आजीच्या पेटीकडून शिकलो.

या वस्तू आमच्या काळ्या मातीतल्या गावात आल्या त्या कापसामुळे. 1861 ते 1865 या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. पुढे यवतमाळ–मूर्तिजापूर ही छोटी रेल्वे, आमची शकुंतला, कापूस वाहून न्यायलाच टाकली गेली. किटली पणजोबांनी कापसाच्या पैशातून आणली, असं घरात सांगतात. चिनी माती हे नावच तिचा प्रवास सांगतं. पांढरी, उजेड आरपार जाऊ देणारी ही भांडी करण्याचं गुपित कितीतरी शतकं चीनकडेच होतं. युरोपात जर्मनीतल्या माइसेनला पहिला कारखाना निघाला तो 1710 मध्ये. आपण मात्र लोणच्याच्या जाड, तपकिरी-पांढऱ्या बरणीलाही चिनी मातीचीच म्हणतो. तिची जात वेगळी, पण भट्टीत चढलेली झिलई आंबट आणि मिठाला दाद देत नाही, म्हणून दादरा बांधलेलं लोणचं तिच्यात वर्षभर टिकतं. मला किटलीपेक्षा बरणी जास्त सुंदर वाटते. तिच्या गळ्यावर दादऱ्याच्या दोरीची खूण आहे.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वापराची खूण असलेली वस्तूच सुंदर, हेच मनात आलं. अज्ञातवासी या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास संग्रहाला सुरुवात केली आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं. त्यांनी गोळा केले ते अडकित्ते, दिवे, दौती, वज्री, फण्या. माणसाचा हात रोज जिथे लागतो, त्या वस्तू. अडकित्त्यांच्या कपाटापुढून मला हलवेना.

त्याच दालनात उभा असताना आमच्या घरातली एक वस्तू आठवली, जी कुठल्याच आराशीत कधी नव्हती. गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात एक कपबशी पालथी घातलेली असायची. कपाचा कान तुटलेला. ती आमच्या सालदाराची. चहा वरून ओतला जायचा, ते पिऊन, स्वतः विसळून परत तिथेच पालथी घालायचे. मी सत्तरच्या दशकात हे रोज पाहिलं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी 1927 मध्ये ओंजळीत घेतलं होतं. आमच्या गोठ्यात पन्नास वर्षांनी एक कप वेगळाच होता. ज्या घरात महालक्ष्म्यांसाठी सोनेरी काठाची किटली निघायची, त्याच घरात हे चाललं होतं.

जुना वाडा पाडायला काढला तेव्हा ती कपबशी मला कोनाड्यातच सापडली, धुळीने भरलेली. भावाने किटली मागितली, बहिणीने बरणी. ही कुणी मागितली नाही. फेकून दिली असती तर कोनाड्यासकट सगळं पुसलं गेलं असतं, आणि आमच्या घराविषयी फक्त किटलीने बोलायचं, हे मला खोटं वाटलं. पण ती ठेवायचा अधिकार माझा एकट्याचा नव्हता. सालदारांचा मुलगा यवतमाळला शिक्षक आहे. त्याच्याकडे गेलो. कप हातात घेऊन तो बराच वेळ बसला, तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवत. मग म्हणाला, "ठेवा भाऊ. पण देवीपुढे नका मांडू. बैठकीत ठेवा, आणि कुणाची होती ते नाव घेऊन सांगत जा."

आमच्या बैठकीतल्या आलमारीत आता तेवढी एकच कपबशी आहे, उताणी ठेवलेली. चहाला आलेला माणूस हमखास विचारतो, आणि मी नाव घेऊन सांगतो. भाद्रपदात भावाकडून किटली येते, बशा येतात, कुत्रे पायरीवर बसतात, चौथ्या दिवशी सगळं फडक्यांत जातं. कपबशी तिथेच असते, बारा महिने.