रिकाम्या खोक्यांचे मोल

गेल्या आंबा हंगामाच्या अखेरीस देवगडकडील एक भाविक बागायतदार आमच्याकडे आले. पापनिवेदनासाठी नव्हे, तसे असते तर हे लिहिलेच नसते, आणि लिहिण्यास त्यांची संमती आहे. बागेचे नाव व ‘देवगड हापूस’ ही अक्षरे छापलेली त्यांची काही खोकी उरली होती. ती त्यांनी एका व्यापाऱ्याला विकली. त्यांत घाटापलीकडचा आंबा भरला जाणार हे ते जाणून होते. त्यांनी विचारले मात्र नाही. “फादर, आंबे काय माझे न्हय, खोके तेवडे माझे. मगे मी कोणाक फसवलंय?”

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. कर्नाटकाचा आंबा स्वतःच्या नावाने विकला तर त्यात कसलेच पाप नाही. पण हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते एका बागेला नव्हे, सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंतच्या पाच जिल्ह्यांना. देवगडचे नावही असेच सामाईक धन आहे. एकदा फसलेला मुंबईकर पुढच्या खेपेस प्रत्येक पेटीकडे संशयाने पाहतो आणि संशयाची किंमत वजा करूनच भाव देतो. जॉर्ज अकर्लॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचा दाखला देऊन हेच मांडले होते: खरे-खोटे ओळखता येईनासे झाले की चांगला माल बाजारातून माघार घेतो. त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या बागायतदारांना हे शास्त्र वाशीच्या अडत्याने केव्हाच शिकवले आहे.

अप्रामाणिकपणाचा खर्च प्रामाणिकांवर पडतो, तो असा. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५च्या हंगामात फळावर विशिष्ट क्रमांकाचे स्टिकर आणले. आपला आंबा आपलाच आहे हे सिद्ध करण्यासाठी ज्याने कधी लबाडी केली नाही त्यानेही एकेका फळावर कागद चिकटवत बसायचे! साका झालेले फळ बाहेरून कळत नाही. व्यापाराच्या साखळीतील कोणती कडी कुजली तेही कळत नाही, म्हणून सगळ्यांचीच झडती.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्विनास शिकलो. मालातील दोष ठाऊक नसताना विकणाऱ्याला ते पापी म्हणत नाहीत. परंतु दोष कळताच त्याने भरपाई केली पाहिजे, असे सांगतात. मग ज्याला आधीच ठाऊक होते, त्याचे काय? नुकसान झालेला माणूस सापडतच नसेल, तर त्याच्या नावे दानधर्म करावा, असेही ते म्हणतात. आमच्या बागायतदारांना हा मार्ग आवडला. खोक्यांचे पैसे त्यांनी पाकिटात घालून आणले होते. गावच्या फेस्तासाठी द्यायचे म्हणत होते.

आम्ही ते घेतले नाहीत. कठोर झालो असू; फेस्ताला पैशांची गरज होतीच. परंतु येथे नुकसान झालेला माणूस अज्ञात नाही. तो त्यांच्या कुंपणापलीकडे राहतो, रविवारी त्यांच्याच बाकावर बसतो. जक्कयाने चौपट परत करण्याचे कबूल केले ते लोकांदेखत, प्रभूसमोर उभे राहून.

“म्हणजे संस्थेच्या सभेत उभो रवान सांगूचा?” त्यांनी विचारले.

आम्ही होय म्हणालो. ते बराच वेळ पाकीट हातात फिरवत राहिले, मग खिशात घालून उठले.