कच्चा डाख

जे काम कोणी पाहणार नाही, ते चोख करण्याचे बंधन माणसावर कोठून येते? हा प्रश्न मला ग्रंथांत भेटण्याआधी निपाणीच्या एका रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात भेटला. मी मराठीचा एम. ए., त्यामुळे तारा आणि शिसे यांबद्दल मी लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण माझ्या आयुष्यातील दोन मोठ्या चुका त्या शिशाशीच जोडलेल्या आहेत.

1986 चा उन्हाळा होता. एस.एस.एल.सी.ची परीक्षा देऊन मी रिकामा होतो, म्हणून वडिलांनी ओळखीच्या दुकानात नेऊन बसवले. मालक कन्नडभाषक. त्यांना सगळे अण्णा म्हणत. तो शब्द दोन्ही भाषांचा. दुकानात एका सेटवर सांगली केंद्र लागलेले असे, दुसऱ्यावर धारवाड.

रेडिओच्या पोटात तपकिरी रंगाचा बोर्ड असतो आणि त्याला बारीक छिद्रे असतात. कंडेन्सर, रेझिस्टन्स, ट्रान्झिस्टर यांचे पाय त्या छिद्रांतून आरपार घालून मागच्या बाजूला तांब्याच्या चकतीशी डाख द्यायचा. दर्शनी बाजूला रंगीबेरंगी भाग रांगेत उभे दिसतात. सेटचा सगळा जीव मात्र मागच्या बाजूला, जिकडे गिऱ्हाईक कधी पाहत नाही.

कल्हईवाला पाहिलेल्या वाचकांना हे काम सहज समजेल. भांडे तापवून नवसागराने स्वच्छ केल्याशिवाय कथिल पितळेला धरत नाही. इथे नवसागराचे काम राळ करते. अण्णांचा नियम एकच होता. “शिशाला ताप देऊ नको. पायाला आणि चकतीला दे. ती दोघं तापली की शिसं आपोआप पळतंय.” एकच बाजू तापली, तर डाख तिलाच चिकटतो आणि दुसरीला नुसता टेकून राहतो. वरून दोन्ही सांधे सारखेच दिसतात.

दुसरा नियम धीराचा. साठ भाग कथिल आणि चाळीस भाग शिसे यांचा डाख 183 अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि 190 च्या सुमारास पुरता पातळ होतो. निवताना त्याला हे सात अंश उलट उतरावे लागतात. तेवढ्यात पाय हलला, तर सांधा आतून भुसभुशीत राहतो. कारागीर त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. असा सांधा पुष्कळदा चालतोही, दिवसभर, आठवडाभर. मग एखादा धक्का बसतो, किंवा तापण्यानिवण्याने भेग वाढते, आणि सेट मुका होतो.

एका शेतकरी काकांच्या रेडिओचा कंडेन्सर मी बदलला. डाख निवत असताना माझा हात हलला आणि ते मला कळले. पण बटण फिरवले तर सांगली स्वच्छ लागले. मी गप्प राहिलो. आठवडाभराने काका एस.टी.ने परत आले. “पोरा, परत मुका झाला बघ ह्यो.” त्यांचा दिवस बुडाला होता.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी बोर्ड उलटा केला आणि भिंग माझ्या हाती दिले. पायाभोवती केसाएवढी गोल चीर होती. मी म्हणालो, “अण्णा, त्या दिवशी चाललं होतं की.”

“चाललं होतं,” ते म्हणाले. “जोडलं नव्हतं. बेसुगे आगिल्ला.”

कन्नडमध्ये डाखाला बेसुगे म्हणतात. मनामनांच्या जोडणीलाही तोच शब्द. काकांचे एस.टी.चे भाडे अण्णांनी गल्ल्यातून काढले आणि ते माझ्या हातून द्यायला लावले.

दुसरी चूक मी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून केली. दहावीला विज्ञानाचे ऐंशी गुण लेखी परीक्षेचे असतात आणि वीस शाळेच्या हातात असतात. काही वर्षांपूर्वी एका मुलाने प्रकल्प म्हणून आणीबाणीचा दिवा आणला. मी सवयीने बोर्ड उलटा केला. सगळे सांधे एका मापाचे, यंत्राने दिलेले. बोर्ड बाजारातून तयार आणला होता, हे अण्णांच्या शागिर्दाला कळायला वेळ लागला नाही. मुलाचे वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करत. मी विसापैकी वीस गुणांवर सही केली आणि त्याला करुणा असे नाव दिले.

त्या गुणांवर त्याला इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाला प्रवेश मिळाला. पहिल्याच वर्षी प्रात्यक्षिकाच्या टेबलापाशी त्याचे हात थांबले. अभ्यासक्रम सोडून घरी आल्यावर तो मला भेटला. त्याने दोष दिला नाही. एवढेच म्हणाला, “सर, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? मग सांगायचं होतं की.”

पहिल्या वेळी मी अजाण होतो. या वेळी नव्हतो.

करुणा खोटी नव्हती, पण तिने फक्त गुणपत्रिका तापवली. त्या मुलाला शनिवारच्या चार दुपारी आणि हातात तापलेली इस्त्री हवी होती. तेवढा वेळ देण्याऐवजी मी सही दिली, कारण सही स्वस्त पडते. न दिसणाऱ्या कामाचे बंधन कोठून येते, याचे उत्तर मला इथे सापडले. मागची बाजू कोणी पाहत नसले, तरी तिच्यावर कोणीतरी आपला भार टाकणार असतो. ते काका असतात, तो मुलगा असतो.

आणि चमक हा पुरावा नव्हे. शिसे विषारी म्हणून 1 जुलै 2006 पासून युरोपने बहुतेक विद्युत उपकरणांत त्याला बंदी केली. बिनशिशाचा डाख सुमारे 217 अंशांना वितळतो, आणि त्याचा उत्तम सांधाही जरा मंदच दिसतो. चकाकी पाहून पारख करणाऱ्यांना नवी नजर कमवावी लागली. डाख दोन्ही धातूंच्या अंगावर पसरून भिनला आहे का, एवढेच पाहायचे.

आपण सीमाभागातली माणसे याचा विचार अधिक करावा. डाखात तांबे वितळत नाही; तांबे तांबेच राहते. अण्णा कन्नडच राहिले, मी मराठीच. पण तापावे दोघांनाही लागते. त्यांनी माझी भाषा उचलली. त्यांची धडपणे शिकायला मी मात्र फार उशीर केला.

यंदा एका मुलीने स्वतः केलेला बोर्ड आणला. बारा सांध्यांपैकी सात कच्चे होते. मी आज जमेल त्या कामाचे तेरा गुण पेन्सिलीने मांडले आणि शनिवारी थांबायला सांगितले. तिचे वडील रागाने आले. दुसऱ्या शाळेत वीसपैकी वीस देतात, म्हणाले. मी बोर्ड उलटा करून त्यांच्या हाती भिंग दिले. त्यांना पटले की नाही, ते बोलले नाहीत. मुलगी मात्र थांबली. पहिल्या दुपारी दोन सांधे नीट झाले.