वारीची शिदोरी

ज्येष्ठ वद्य अष्टमीस श्रीज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरी पोहोचते. सुमारे २५० कि.मी.ची ही पायी वाट. एवढी सवड वारकरी वर्षभराच्या कष्टातून मिळवितो. मजुरीतून दिंडीच्या भिशीपुरते पैसे बाजूस ठेवतो, मृगाच्या पावसावर पेरणी उरकतो आणि मगच पताका खांद्यावर घेतो. कर्ज काढून वा घर उपाशी ठेवून केलेली वारी देवास कशी रुचावी?

परंतु पाऊस लांबला, पेरणी राहिली, तर? नेम मोडवत नाही आणि शेतही सोडवत नाही. अशा वेळी घरातील एक जण मागे राहून शेत सांभाळतो व दुसऱ्यास वाटेस लावतो. कळसाचे दर्शन एकास घडते. वारी मात्र दोघांची रुजू होते. वाटेवर अन्नदान करणारा दाताही तिचा वाटेकरी होय.

म्हणून भाविकांनी देवापुढे हात जोडताना मागे राहिलेल्यांचे स्मरण करावे, प्रसाद प्रथम त्यांच्या हाती द्यावा आणि पुढील वर्षी स्वतः शेत राखून त्यांना पंढरीस धाडावे. तीही वारीच होय.

॥ रामकृष्णहरि ॥