मागच्या बाकावरचे पोर
मागच्या बाकावर निमूट बसणाऱ्या पोराला आम्ही मास्तरमंडळी खुशाल आळशी ठरवितो. 1967 साली सेलिगमन आणि मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. काही केल्या ते चुकविता येत नसत. (प्रकार क्रूरच!) पुढे बुटका अडसर ओलांडला की सुटका होती, तरी बरीचशी कुत्री कण्हत पडून राहिली. हतबलता शिकली जाते, असा निष्कर्ष निघाला. 2016 साली त्याच दोघांनी तो फिरविला : दीर्घ यातनेपुढे गप्प पडणे उपजतच असते, शिकावे लागते ते आपल्या हाती काही आहे, हे. मग ते ज्याला कोणी शिकविलेच नाही, त्या पोराला दोष कसला द्यायचा? त्या कुत्र्यांना दोरीने पुन्हापुन्हा अडसरापलीकडे ओढून नेले, तेव्हा कुठे ती आपणहून उडी घेऊ लागली.