याजकानें पुन्हां पाहावें

लेवीय पुस्तकाचा १३ वा अध्याय आपण बहुधा घाईनें वाचतों. त्यांत रोग ओळखण्याचें काम याजकावर सोंपविलें आहे. चट्ट्याची खात्री होत नसेल तर त्यानें सात दिवस थांबून पुन्हां पाहावें, आणि तरीहि संशय राहिल्यास आणखी सात दिवस थांबावें. ऐकीव गोष्टीवरून कोणास अशुद्ध म्हणावयाचें नाहीं, आणि संशय असतां घाईनें शुद्धहि म्हणावयाचें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत वारजे येथें महामार्गालगतच्या वस्तींत आम्ही प्रार्थनेस गेलों. बांधकामावर मजुरी करणारी एक बहीण दोन महिने खोकत होती. तिनें तीन वेळां खोकल्याची बाटली आणली होती. थुंकी कोणीं तपासलीच नव्हती. ती म्हणाली, “पाळकसाहेब, एक खाडा झाला कीं चूल थंड. आणि क्षय निघाला तर माझ्या पोरीला कोण करून घेईल?” आम्हीं मान खालीं घातली. कित्येक रविवार तिचा खोकला आम्हींहि उपासनेंत ऐकला होता, पण विचारपूस केली नव्हती.

हें दुःख जुनें आहे. तुमकूर जिल्ह्याच्या १९६३ सालच्या पाहणींतहि हेंच दिसलें: क्षयाचे पुष्कळ रोगी आपण होऊन दवाखान्यांत गेले होते, पण बहुतेकांस खोकल्याचें औषध देऊन परत पाठविलें होतें.

कॉक ह्यांनीं १८८२ सालीं क्षयाचे जंतु दाखविले. तथापि सूक्ष्मदर्शकाखालीं ते दिसावयास एक मिलिलिटर थुंकींत सुमारें ५,००० ते १०,००० जंतु असावे लागतात. म्हणून एकदां ‘नाहीं’ आलें म्हणजे रोग नाहींच, असें नव्हे. आतां गोव्यांत बनणारें ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालतें आणि याहून पुष्कळ थोडे जंतुहि सुमारें तासाभरांत ओळखतें. २०२० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यास मान्यता दिली. पण त्या यंत्रापर्यंत थुंकी पोंचविणार कोण?

म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, वजन घटणें किंवा थुंकींत रक्त दिसल्यास सरकारी दवाखान्यांत जावें. तेथें तपासणी व औषध फुकट आहे. सकाळीं छातींतून निघालेला बेडका द्यावा, नुसती लाळ नव्हे. खोकला राहिला तर पुन्हां जावें आणि छातीचा फोटो काढवावा.

त्या बहिणीबरोबर मंडळींतील एक बाई गेली, आणि खाड्याची मजुरी मंडळीच्या थैलींतून दिली. पहिल्या तपासणींत कांहीं निघालें नाहीं; दुसऱ्या वेळीं क्षय निघाला. आज ती औषध घेत आहे.

लेवीयाच्या १४ व्या अध्यायांत याजकानें स्वतः छावणीबाहेर जाऊन रोग्यास पाहावें, अशी आज्ञा आहे. रोगी दाराशीं येईल म्हणून तो वाट पाहात बसत नाहीं. येत्या रविवारीं उपासनेंत कोणी खोकलें तर, बंधूंनो, दूर सरूं नका. उपासना संपल्यावर त्याच्याजवळ जा. प्रभु आम्हां सर्वांस तशी बुद्धि देवो. आमेन.