आडव्या वाड्याचा भाव

उभ्या वाड्यापेक्षा आडव्या वाड्याला भाव जास्त येतो. जुन्या सागवानाचा व्यापारी नक्षी बघतो, नाही असं नाही. पण आधी तुळईची लांबी बघतो. त्याच्या लेखी वाडा म्हणजे अजून न उतरवलेलं लाकूड.

नगर जिल्ह्यात नुसत्या धान्यासाठी मोठं लाकडी कोठार बांधायची रीत फारशी नव्हती. धान्य पेवात, बळदात नाहीतर कणगीत जाई आणि कडबा गंजीत. लाकूड खर्ची पडायचं ते राहत्या घरावर, आणि पुष्कळदा गुरंही त्याच छपराखाली. अकोले तालुक्याच्या डांगाणात आधी मेढी उभ्या राहतात, त्यांवर तुळया आणि आढं. भिंतींचा विचार नंतर. कारवीचा कुड, त्यावर शेणमातीचा लेप. पावसाने कुड खाल्ला की नवा घालायचा. मेढी आजोबांच्याच.

पूर्वेकडे भिंती जाड आणि माथ्यावर माळवद, पण पुष्कळ घरांत आतला हिशेब तोच: भार लाकडाने घ्यायचा, भिंतीने आडोसा द्यायचा. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीच्या भूकंपात अशाच काही घरांच्या दगडी भिंती ढासळल्या आणि आतला खणांचा सांगाडा उभाच राहिला. माणसं मेली ती दगडांखाली आणि माळवदाच्या मातीखाली. त्यानंतर जुन्या घरावरचा विश्वास सरसकट उडाला. सांगाड्याची बाजू मांडायला फारसं कुणी आलं नाही.

खिळा परतीची वाट बंद करतो. जुन्या सुताराने खांबाच्या माथ्याला कुसू काढलं, तुळईत खाच पाडली, आरपार लाकडी खुंटी ठोकली. ती खुंटी उलट बाजूने ठोकून काढता येते. बांधतानाच त्याने उतरवण्याची सोय ठेवली होती. आपण स्लॅब ओततो तेव्हा अशी सोय ठेवत नाही. स्लॅब पाडला की राडारोडा उरतो आणि भंगारवाल्यासाठी सळया.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल मूळचा कोथरूडचा. तिथून सुटा करून आणला, संग्रहालयात पुन्हा जोडला. दगडमातीच्या भिंतीला असा प्रवास जमला नसता.

वाड्याच्या वाटण्या खणांनी, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यांनी, होतात. थोरल्याला पाच खण, धाकट्याला चार. तुळईला मात्र उतारा वाचता येत नाही. तिचं एक टोक थोरल्याच्या खांबावर असतं, दुसरं धाकट्याच्या. एकाने आपले खण उतरवले की दुसऱ्याचे तिरके होतात. मग टेकू येतात, टेकूंवरून बोलाचाली, बोलाचालीवरून तारखा. तारखा चालू असतात तोवर माळवदावर चढून मुरूम-माती कुणी सारखी करत नाही, कारण सारखी केली तर हक्क सोडल्यासारखं वाटतं की सांगितल्यासारखं, हे वकिलालाही नक्की ठाऊक नसतं. पाणी मुरतं. वाडे वाळवीने खाल्ले असं गावात म्हणतात. माझ्या मते वाळवी शेवटच्या पंगतीला बसते.

पारनेर तालुक्यात पळशीला होळकरांच्या दिवाणांचा, पळशीकरांचा वाडा आहे. अशा ठिकाणी माणसं मान वर करून कोरीवकाम बघतात. खांब कुजतो तो पायाशी, तळखड्यावर जिथे तो टेकतो तिथे. आणि तिथे वाकून बघणारा विरळा. कुजलेला हातभर तुकडा कापायचा, त्याच जातीचं वाळलेलं लाकूड खाली सांध्यात बसवायचं, खांब पुन्हा दगडावर ठेवायचा: एवढ्याने काम भागतं. पुरता खांब बदलणं हे आळशाचं जतन.

जपानात इसेचं देऊळ दर २० वर्षांनी नव्या लाकडात उभं करतात. २०१३ला बासष्टावी खेप झाली. आपल्याकडच्या भाषणांत हा दाखला हमखास येतो. मला तो इथे लागू वाटत नाही. त्यांच्याकडे त्या कामासाठी झाडंही वाढवतात आणि सुतारही. आपल्याकडे २० वर्षांत सुताराचा मुलगा पुण्यात मॉड्युलर किचन बसवायला गेलेला असतो, आणि तसल्या जाडीचं, तसल्या लांबीचं सागवान सहज मिळत नाही. आपल्याला जुनंच लाकूड पुरवून वापरायला हवं.

उतरवताना क्रम उलटा: आधी माळवदाची माती पाट्यांनी खाली, मग किलचण, मग सर, मग तुळया, शेवटी खांब. जो सांधा शेवटी बसला तो आधी सुटतो. घर कसं बांधलं हे खरं कळतं ते उतरवताना.

उभारताना गल्लीत क्रेन शिरत नाही. दोरखंड, कप्पी, शिड्या आणि खांदे. तुळई वर जाते तेव्हा बोलतो एकटा सुतार. बाकीच्यांनी, घरमालकानेसुद्धा, तोंड मिटायचं असतं. पैसे देणाऱ्याला गप्प बसवणारी कामं आता थोडी उरली आहेत.

एखाद्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात असाच खांब भेटतो. पॉलिश केलेला, खालून दिवा सोडलेला. छताला टेकलेला असतो; छत त्याच्यावर टेकलेलं नसतं.

कुणी विकलं तर मी त्याला दोष देत नाही. पडकं घर सांभाळायचा खर्च सल्ला देणाऱ्यांना करावा लागत नाही. एवढंच करा: उतरवायचं ठरलंच, तर व्यापाऱ्याच्या आधी सुताराला बोलवा. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांना एकच आकडा कोरून घ्या. खडूने नको, पहिल्या पावसात जातो. कुठला खांब कुठे होता त्याचा नकाशा कागदावर काढा आणि लाकूड विकलंत तर तो कागदही सोबत द्या. त्या दिवसाची मजुरी सुतार सांगेल ती द्या, घासाघीस करू नका.