बटण दाबण्याआधी

बसा.

तानपुरा अजून गवसणीतच असू द्या. फोन पालथा असू द्या. तुमचं गाणं आज घरच्या घरी चित्रित करायचं आहे, पण त्याला अवकाश आहे.

आधी नुसतं बसा.

सकाळ आहे. खिडकीतून उजेड येतोय. बघा, तो कुठे पडतो.

खिडकीकडे पाठ असेल तर हळूच वळा. पाठीमागे खिडकी असली की फोन तिच्याच उजेडाचा हिशेब धरतो आणि गाणारा काळा पडतो. तोंड उजेडाकडे करा, पण थोडं तिरकं. एका गालावर ऊब, दुसऱ्यावर सावली. तेवढी सावली असू द्या.

श्वास घ्या. सोडा.

आता डोळे मिटा आणि खोली ऐका.

पंखा. रोजचाच, म्हणून तो इतका वेळ कानात शिरलाच नव्हता. उठा, बंद करा. पुन्हा बसा.

पंखा थांबला की फ्रिज ऐकू येतो. स्वयंपाकघरातून, भिंतीआडून, एक खालचा सूर. तोही थोडा वेळ बंद ठेवा. (ध्वनिमुद्रणवाल्यांची एक जुनी युक्ती आहे: घराच्या चाव्या फ्रिजमध्ये ठेवायच्या. म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय बाहेर पडता येत नाही.)

फ्रिज थांबला की घड्याळ. घड्याळामागे कावळा. कावळ्यामागे, लांब, एक रिक्षा.

कावळा बंद करता येत नाही. मला तर तो हवाच असतो. ही तुमची खोली आहे, स्टुडिओ नव्हे.

ऐकत राहा.

आता एकदाच टाळी वाजवा.

टाळी संपल्यावर काय उरतं, तिकडे कान द्या. उघड्या भिंती आणि नुसती फरशी असेल, तर टाळी टणकन परत येते. खाली सतरंजी घाला. समोरच्या भिंतीपाशी दोरीवर एखादी गोधडी टाका. पुन्हा टाळी.

आता ती मऊ पडते. मऊ, पण मेलेली नाही. सगळी खोली गाद्यांनी भरू नका. तानपुऱ्याला थोडी भिंत लागते.

आता गवसणी काढा. सावकाश. तानपुरा जुळवा.

पंचम. मग जोडीच्या दोन तारा. मग खर्ज.

घाई नको. आजचं सगळं काम इथेच आहे.

जवारीचा दोरा केसभर सरकवा. अजून केसभर. एका जागी तार उघडते आणि एका सुरात पुष्कळ सूर दिसू लागतात. दोरा तिथेच ठेवा.

फक्त खर्ज छेडा.

ऐका.

तो लहान होत जातो. अजून आहे. अजून आहे. आता आहे की नाही?

पुन्हा छेडा. या वेळी त्याच्याबरोबर जा, जिथपर्यंत तो जातो तिथपर्यंत. तो नेमका कुठे संपला, हे सापडणार नाही. शोधत राहा.

एक श्वास.

पुन्हा छेडा.

आता फोन उचला. फ्लाइट मोडवर टाका. लेन्स पुसा, तिच्यावर बोटाचा तेलकट ठसा असतोच.

फोन स्टँडवर लावा. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या किंवा छातीच्या उंचीवर. खालून लावला तर नाकपुड्या गातात, वरून लावला तर टाळू.

आडवा की उभा? आडवा लावला की तानपुऱ्याच्या खुंट्या चौकटीबाहेर जातात. त्या घ्यायला फोन मागे नेलात, तर आवाजही मागे जातो आणि खोलीच जास्त ऐकू येते. तीन-चार फुटांवर थांबा. खुंट्यांसाठी फोन उभा करावा लागला, तर खुशाल उभा करा.

पडद्यावर तुमच्या चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरा. बऱ्याच फोनमध्ये उजेड आणि फोकस तिथे बांधला जातो. मग मध्येच ढग आला, तरी चित्र डोळे मिचकावत बसत नाही.

आता एक मिनिटभर मुद्रण करा. गाऊ नका. नुसता तानपुरा.

ते परत ऐका. हेडफोन लावून ऐका.

तानपुरा सुरू होतो. आणि मग, हळूहळू, मागे सरतो. कुणीतरी हाताने दाबल्यासारखा.

हात फोनचाच आहे. बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून पुष्कळ फोनना शिकवलेलं असतं की जे एकसारखं चालू राहतं, तो गोंगाट. पंख्याची घरघर पुसावी, तसे ते तानपुऱ्याला पुसू पाहतात. शिवाय तुम्ही हळू गायलात की पातळी आपोआप वर उचलतात, जोरात गायलात की खाली दाबतात. तुम्ही जपून कमी केलेला आवाज, त्यांच्या लेखी, दुरुस्त करायची चूक.

रागावू नका. फोनला गाणं कुणी सांगितलेलं नाही.

आवाजाचं हे आपोआप कमीजास्त होणं आणि गोंगाट काढणं, दोन्ही बंद करता येतील असं मुद्रणाचं ॲप वापरा. नाहीतर एक वेगळा रेकॉर्डर जवळ ठेवा. चित्र फोनवर, आवाज त्यावर. दोन्ही सुरू झाले की एक टाळी द्या. नंतर दोन्हीकडची ती टाळी जुळवली की ओठ आणि सूर एकत्र येतात.

पुन्हा एक मिनिट. पुन्हा ऐका.

आता तानपुरा राहतो? राहू द्या.

बसा. पाठ सरळ, खांदे सैल.

लाल ठिपका लागला आहे.

त्याच्याकडे पाहू नका. खर्जाकडे जा.

लगेच गाऊ नका. दोन श्वास, तीन श्वास, तानपुरा एकटा वाजू द्या. हा वेळ वाया जात नाही. ऐकणारा याच वेळात खोलीत येऊन बसतो.

आता षड्ज.

तो लागला की तिथेच थांबा. तानपुऱ्यात तुमचा आवाज वेगळा ऐकू येईनासा होईपर्यंत.

भैरव गायचा असेल तर कोमल रिषभाकडे जा. त्याच्यावर झुला, सावकाश, आंदोलन घेत. परत षड्जावर या.

पुष्कळ गावं लागत नाही. व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या तबकडीत 1977 मध्ये गायिका केसरबाई केरकरांची भैरवी गेली, ती साडेतीन मिनिटांची आहे.

तेवढंच गा.

मध्ये कावळा ओरडला तर ओरडू द्या. सूर हलला तर पुढच्या श्वासाला षड्जावर या.

झालं.

हात फोनकडे जातोय. थांबवा.

खर्ज विरेपर्यंत थांबा. पुष्कळ घरगुती व्हिडिओंमध्ये शेवटचा सूर अर्धाच असतो, कारण गाणाऱ्याचा हात आधीच बटणाकडे निघालेला असतो.

अजून थोडं.

आता स्वतःचं नाव सांगा. रागाचं नाव, तारीख, तानपुऱ्याची पट्टी.

संकोच वाटतो? 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहरजान ध्वनिमुद्रणाच्या भोंग्यासमोर गायल्या. मायक्रोफोन नव्हता. आवाजाच्याच धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढत होती. गाणं संपताच त्यांनी इंग्रजीतून आपलं नाव पुकारलं, कारण तबकड्या जर्मनीत, हॅनोव्हरला तयार व्हायच्या आणि कोण गातंय हे तिथल्या माणसांना कळायला हवं होतं.

तुम्हीही सांगा. दहा वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला कळायला हवं. तो तुम्हीच असाल कदाचित.

बटण बंद करा.

आता ऐकू नका. उद्या ऐका.

उद्या, आधी डोळे मिटून. आवाज परका वाटेल. एरवी आपण स्वतःला कानांनी आणि हाडांनी, दोन्हीकडून ऐकतो. हाडांतून येणारा भरदार भाग फोनपर्यंत पोचत नाही. समोर बसलेल्यांना तुम्ही असेच ऐकू येता.

पहिला वैताग ओसरू द्या. दुसऱ्यांदा ऐका.

मग आवाज बंद करून नुसतं पाहा. भुवया. मान. तार छेडणारा हात तुम्ही गाताना घाई करतो का?

एकच गोष्ट वहीत लिहा. रिषभ चढला असेल, तर तेवढंच. बाकी पुढच्या वेळी.

घसा तयार असेल तर पुन्हा बसा. नसेल तर आज नको.